उत्पन्न वाढले, उंची का खुंटली? समृद्धीच्या मोजमापाविषयी

अर्थशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची करण्याचे उद्दिष्ट राज्य सरकारने ठेवले आहे, अशा वेळी राज्य समृद्ध झाले की नाही, हे उत्पन्नवाढीच्या दरावरून ठरवावे की लोकांच्या कल्याणावरून, आणि दोहोंपैकी एकच निकष निवडायचा झाला तर कोणता निवडावा? माझी बरीच वर्षे जिल्हा नियोजन आणि शासकीय योजनांचे मूल्यमापन या कामात गेली आहेत. त्यामुळे सिद्धांतांच्या मांडणीत फार न शिरता, हे आकडे कसे तयार होतात आणि त्यांत काय येते व काय सुटते, या बाजूने उत्तर देत आहे.

माझे मत असे आहे की उत्पन्नवाढ आणि कल्याण यांना जोडणारा दुवा आपोआप तयार होत नाही. करांची वसुली, सरकारी दवाखाने, अंगणवाड्या, शाळा, मजुरीचे नियम आणि घरात बाईच्या हाती किती पैसा व किती वेळ उरतो, या सगळ्यांनी मिळून तो बनतो. ज्या काळात तो मजबूत असतो त्या काळात वाढलेले उत्पन्न माणसांच्या शरीरापर्यंत आणि आयुष्यापर्यंत पोहोचते. ज्या काळात तो सैल पडतो त्या काळात उत्पन्न वाढत राहते आणि माणसे होती तिथेच राहतात. महाराष्ट्राने हे दोन्ही काळ पाहिले आहेत आणि त्यांचे आकडेही उपलब्ध आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधायला भूतान किंवा नॉर्वेपर्यंत जाण्याची गरज मला वाटत नाही.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येईल. आपल्याकडे तर हा विचार त्याहून जुना आहे. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी ब्रिटिश हिंदुस्थानाचे दरडोई उत्पन्न काढले, ते वर्षाला सुमारे २० रुपये भरले. हा आकडा काढून ते थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते, त्याच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला आणि स्वतंत्र माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे दाखवून दिले. देशाचे उत्पन्न मोजण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयत्न माणूस नीट जगू शकतो का, हे विचारण्यासाठी झाला होता. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्याचीही सुरुवात पोटाला पुरेसे अन्न मिळते का, या प्रश्नापासूनच होती. उत्पन्नाचा आकडा आणि कल्याणाचा प्रश्न यांची फारकत ही नंतरच्या काळातली गोष्ट आहे.

आता उत्पन्नाचा आकडा प्रत्यक्षात काय सांगतो ते पाहू. २०२२-२३ या वर्षी महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख रुपये होते, तर देशाचे सुमारे १ लाख ७० हजार. म्हणजे सरासरी महाराष्ट्रीय माणूस सरासरी भारतीयापेक्षा जवळजवळ दीडपट कमावतो. जिल्ह्यांकडे पाहिले की एका टोकाला मुंबई आणि दुसऱ्या टोकाला नंदुरबार, वाशीम, गडचिरोली असे चित्र दिसते. मात्र जिल्हा उत्पन्नाचा आकडा वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, आणि ती बातम्यांत सहसा येत नाही. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले मूल्य. ते तिथल्या लोकांच्या हाती आले की नाही, हे त्यात पाहिले जात नाही. शिवाय अनेक क्षेत्रांत हे आकडे तळातून गोळा केलेले नसतात. राज्याचा अंदाज कामगारांची संख्या किंवा तत्सम निर्देशकाच्या आधारे जिल्ह्यांत वाटलेला असतो.

चंद्रपूरचे उदाहरण घ्या. कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे जिल्ह्याच्या उत्पन्नात मोठी भर पडते. वीज राज्यभर जाते, नफा आणि अधिभार दुसरीकडे जमा होतात, आणि राख, धूळ व दूषित हवा मात्र चंद्रपुरातच राहते. उत्पन्नाच्या हिशेबात ही राख कुठेही वजा होत नाही. उलट श्वसनाच्या विकारावर एखाद्या कुटुंबाने खासगी दवाखान्यात पैसे भरले की ती रक्कम सेवा क्षेत्राच्या उत्पन्नात मिळवली जाते. याच्या नेमका उलटा प्रकार कोकणात दिसतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणारे जिल्हे म्हटले गेले. ते पैसे मुंबईत कमावलेले असल्यामुळे मुंबईच्या उत्पन्नात मोजले गेले, पण शाळेची फी, घराची कौले आणि म्हाताऱ्यांची औषधे त्यांतून कोकणात भागली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. तरणी माणसे गावाबाहेर राहून कुटुंब पोसतात, हे वास्तव त्या एका आकड्यात दिसते. जिल्हा उत्पन्नाच्या तक्त्यात ना ते पैसे दिसतात, ना ती ताटातूट. केरळविषयीही हेच लक्षात ठेवावे. आखातातून येणारा पैसा राज्याच्या स्थूल उत्पन्नात धरला जात नाही. त्यामुळे केरळने कमी उत्पन्नात जास्त कल्याण साधले, असे जे सरसकट म्हटले जाते ते थोडे जपून म्हणायला हवे.

घरातल्या कामाचे तर मोजमापच होत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. स्वयंपाक, धुणे, झाडलोट ही पाच तासांची मेहनत उत्पन्नाच्या बाहेर राहते; मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे त्याहून वेगळे. तीच कामे बाई दुसऱ्याच्या घरी मोलाने करू लागली की राज्याचे उत्पन्न वाढते, तिची झोप कमी झाली तरीही.

या सगळ्याचा सर्वांत गंभीर पुरावा मला ऊसतोडीत दिसतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत जातात. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, देतो आणि ती नवराबायकोच्या जोडीला मिळून मिळते. या जोडीला एक कोयता म्हणतात. मजुरी टनावर असते आणि दिवस बुडाला तर खाडा धरून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात किंवा आजारपणात बाईने काम थांबवले तर तो खाडा उचलीवर चढतो आणि पुढच्या हंगामाचे बांधलेपण वाढते. फडावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, आणि डोक्यावर उसाची जड मोळी घेऊन गाडीवर चढायचे. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे हे यातून ठरलेलेच. त्यावर खासगी दवाखान्यात मिळणारा सल्ला पुष्कळदा एकच असे: गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कर्करोग होईल.

२०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत अगदी सारखी नव्हती हे मान्य केले, तरी एवढे अंतर पद्धतीतल्या फरकाने भरून निघत नाही.

आता हाच प्रसंग उत्पन्नाच्या वहीत कसा उतरतो ते पाहा. ऊस तुटला, साखर झाली, मद्यार्क आणि वीज झाली: उत्पन्न वाढले. शस्त्रक्रियेसाठी कुटुंबाने मुकादमाकडून किंवा सावकाराकडून उचलून दवाखान्यात पैसे भरले: उत्पन्न वाढले. शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी आणि अशक्तपणा यांवर पुढची कित्येक वर्षे औषधे घेतली: उत्पन्न पुन्हा वाढले. त्या बाईने गमावलेले आरोग्य, तिशीत आलेले म्हातारपण आणि वाढलेले कर्ज यांना या वहीत खातेच नाही. ऊस राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम ४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो घेतो; भूगर्भातून उपसलेले ते पाणीही कुठे वजा होत नाही. साखर उद्योगाने पश्चिम महाराष्ट्राला शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने दिले, हे मी नाकारत नाही. पण ज्या बायकांच्या श्रमावर तो उभा आहे त्यांच्या जगण्याचा हिशेब त्या उद्योगाच्या यशात धरला गेला नाही, तर ते यश मोजण्याची आपली रीतच सदोष आहे.

यावर कोणी म्हणेल की हा एका व्यवसायातला अन्याय झाला, त्यावरून सगळ्या राज्याचा निष्कर्ष का काढावा? म्हणून सगळ्या राज्याचे आकडे घेऊ. वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण हा माझ्या मते कल्याणाचा सर्वांत प्रामाणिक निर्देशक आहे. आईचे लग्न कोणत्या वयात झाले, गरोदरपणात तिला काय खायला मिळाले, बाळंतपण कुठे झाले, दोन मुलांत अंतर किती होते, घरात पाणी कसले येते, जुलाब झाला तेव्हा कोणी पाहिले, पहिल्या दोन वर्षांत वरचे अन्न वेळेवर सुरू झाले का, या सगळ्यांचा परिणाम त्या उंचीत साठलेला असतो, आणि ती एका साध्या मोजपट्टीने मोजता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत बारा टक्के बिंदूंची घट ही मोठी गोष्ट होती. त्यानंतरच्या फेरीत मात्र ते ३५.२ टक्के निघाले, म्हणजे सुधारणा थांबलीच. या फेरीचे महाराष्ट्रातले क्षेत्रकाम २०१९ च्या उत्तरार्धात झाले होते, त्यामुळे कोविडचे कारण इथे लागू होत नाही. देशाची सरासरी त्याच फेरीत ३५.५ टक्के होती. उत्पन्न देशाच्या दीडपट आणि मुलांची उंची मात्र देशाच्या सरासरीइतकीच, असा हा हिशेब आहे. केरळमध्ये हे प्रमाण २३.४ टक्के होते. तिथेही आधीच्या फेरीपेक्षा वाढ झाली आहे, हेही नोंदवायला हवे.

दोन्ही कालखंडांत राज्याचे उत्पन्न वाढतच होते. मग फरक कशामुळे पडला? पहिल्या कालखंडात, २००५ मध्ये, मराठवाड्यातून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि पुढे राज्यभर पोहोचले. आरोग्य खाते आणि महिला व बालविकास खाते यांना एकत्र बसवणे, अंगणवाडीत मुलांची वजने खरी नोंदवली जातील हे पाहणे, रिकामी पदे भरण्याचा आग्रह धरणे, आणि गर्भधारणेपासून पहिल्या हजार दिवसांवर लक्ष ठेवणे, असे त्याचे काम होते. वजने खरी नोंदवली की कुपोषणाचा आकडा आधी वाढतो. तो वाढला म्हणून अंगणवाडी सेविकेला नोटीस द्यायची नाही, ही भूमिका प्रशासनाने घेणे फार महत्त्वाचे असते. ज्यांनी जिल्ह्यात आढावा बैठका घेतल्या आहेत त्यांना ठाऊक असते की आकडा लपवण्याची सवय एकदा लागली की पुढची दहा वर्षे अंधारात जातात. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र पोषण सर्वेक्षण करवून घेतले तेव्हा दोन वर्षांखालील दर चार मुलांपैकी सुमारे एकाचीच उंची खुंटलेली दिसली. उत्पन्नवाढीचा पैसा त्या काळात तिजोरीत होता आणि तो वापरणारी यंत्रणा जागी होती.

दुसऱ्या कालखंडाविषयी माझे निदान असे आहे की सोपा भाग संपला आणि अवघड भागाला हात घातला गेला नाही. अवघड भाग म्हणजे आई. १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण राज्यात ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. आधीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण कमी आहे, पण पाचातली एक मुलगी हा आकडा एका श्रीमंत राज्याला न शोभणारा आहे. नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची होती. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण ताजे जेवण मिळते. योजना योग्य आहे, पण कुटुंब गुजरातेत कामाला गेले की ताटही मागे राहते.

याच चार वर्षांत नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार महाराष्ट्रातील गरिबी १४.८ टक्क्यांवरून ७.८ टक्क्यांवर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी झाली. हे घडले हे खरे आणि स्वागतार्हही आहे. पण त्या निर्देशांकात पोषणाबरोबर स्वयंपाकाचा गॅस, वीज, बँक खाते, संडास अशा गोष्टीही असतात, आणि त्या सरकारला तुलनेने लवकर वाटता येतात. गॅसची जोडणी एका दिवसात देता येते. रक्तक्षय असलेल्या मुलीची धडधाकट आई व्हायला पंधरा वर्षे लागतात. म्हणून उत्पन्नाच्या जागी एखादा मिश्र कल्याण निर्देशांक बसवला की काम भागले, असेही मला वाटत नाही. बेरजेत सोपे ते अवघडाला झाकते.

मानव विकास निर्देशांकालाही हा दोष चिकटलेला आहे. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० मध्ये तो जगापुढे आणला, तेव्हा त्यांचा हेतू स्वच्छ होता: राजकारण्यांचे लक्ष उत्पन्नाच्या एका आकड्यावरून हटवायचे तर समोर दुसरा एकच आकडा ठेवावा लागेल. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींना त्यात स्थान मिळाले. महाराष्ट्राने २००२ आणि २०१२ मध्ये स्वतःचे मानव विकास अहवाल काढले. दुसऱ्या अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ आणि नंदुरबारचा ०.६०४ होता. या अहवालांचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी बस आज ज्या तालुक्यांत मुलींना मोफत शाळेत नेतात, ते तालुके अशाच निर्देशांकांवरून निवडले गेले. बस वेळेवर आली तर मुलगी दहावीपर्यंत टिकते आणि लग्न दोन-चार वर्षे पुढे जाते, हे मी पाहिले आहे. उत्पन्नाच्या तक्त्यात त्या बसचा वाटा डिझेलपुरता असतो.

काही वाचक विचारतील की लोकांनाच का विचारू नये, तुम्ही सुखी आहात का? भूतानने तसा मार्ग धरला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण विषमता मुरलेल्या समाजात माणसे स्वतःच्या वंचनेशी जुळवून घेतात. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे झालेल्या पाहणीत विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत वाईट किंवा बेताची असल्याचे सांगितले, तर विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवांची प्रकृती अधिक चांगली होती, असा अर्थ कोणी काढणार नाही. फडावरच्या बाईला विचारा, ती म्हणेल, ‘चाललंय बरं.’ म्हणून स्वतःच्या समाधानाविषयी लोक काय सांगतात ते ऐकावे जरूर, पण मोजपट्टी आणि रक्ततपासणी सोडून देऊ नये.

इथवर वाचून मी उत्पन्नवाढीच्या विरोधात आहे, असा समज होऊ नये. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी अमर्त्य सेन यांच्याशी झालेल्या वादात जो मुद्दा लावून धरला, की वाढ झाली नाही तर सामाजिक खर्चाला पैसा येणार कुठून, तो भक्कम आहे. १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट हीच साक्ष देते, फक्त तिचा दुसरा अर्धा भाग विसरला जातो. १९७०-७१ पासून सलग तीन वर्षे पाऊस हुकला आणि १९७२-७३ मध्ये राज्याचे धान्योत्पादन काही वर्षांपूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. उत्पन्नाच्या निकषावर हे राज्याच्या इतिहासातले अत्यंत वाईट वर्ष होते. तरीही भूकबळींची भयानक साखळी इथे निर्माण झाली नाही, कारण १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या पिढीला खडी फोडणे, पाझर तलाव, आणि कामावर मिळणारी सुकडी आजही आठवते.

त्यातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर ही कपात दिसते, आणि तिचा मूळ उद्देश बहुतेकांना माहीत नसतो. मुंबई-पुण्यातली वाढ मराठवाड्यातल्या मजुराच्या पोटापर्यंत नेणारी ही रीतसर, कायद्याने घातलेली वाट होती. मुंबईत कारखाने आणि कचेऱ्या नसत्या तर कर मिळाला नसता. कायदा नसता तर तो पैसा मराठवाड्यात पोहोचला नसता. १९७२ चा धडा मी असा वाचतो, आणि म्हणून वाढ आधी की कल्याण आधी, हा वाद मला अपुरा वाटतो.

याउलट, फारसे उत्पन्न न वाढताही काही गोष्टी साधतात, हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले. गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत त्यांनी ३९ गावांत राबवली आणि १९९५ ते १९९८ या काळात नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. त्या गावांचे दरडोई उत्पन्न तेवढ्या काळात फार बदललेले नव्हते. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. ती टिकवायला मात्र आशांचे मानधन वेळेवर द्यावे लागते, आणि ते राज्याच्या महसुलातूनच येते.

आता एकच निकष कोणता, या प्रश्नाकडे येतो. राज्य पातळीवर मला एकच आकडा निवडायला सांगितले तर मी उंची खुंटलेल्या बालकांचे प्रमाण निवडेन, सर्वांत मागे असलेल्या पाच जिल्ह्यांतले. राज्याची सरासरी घेतली की पुण्या-मुंबईची सुधारणा नंदुरबारला झाकते. जिल्हा पातळीवर काम करायचे असेल तर त्याला आणखी तीन आकडे जोडावेत: शेतमजूर बाईची महागाई वजा करून उरणारी दिवसाची मजुरी, आजारपणावर कुटुंबाच्या खिशातून होणारा खर्च, आणि मे महिन्यात टँकरवर अवलंबून असलेल्या वाड्यावस्त्यांची संख्या. उत्पन्नवाढीचा दर या चौघांच्या शेजारी ठेवावा. दर वाढला आणि हे चार हलले नाहीत, तर दुवा कुठे तुटला ते शोधण्याचे काम सुरू करावे.

असे मोजमाप नियोजनात आणता येते, याला महाराष्ट्रात आधार आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोल ठरवताना दरडोई उत्पन्नाची तुलना केली नाही. सिंचन, रस्ते, शाळा, आरोग्य केंद्रे, वीज, पिण्याचे पाणी यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते तिने मोजले आणि तो अनुशेष भरून काढायला किती खर्च येईल, याचा सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा आकडा १९८४ मध्ये मांडला. त्या अहवालावर टीका पुष्कळ झाली. जिल्हा हे एकक योग्य होते का आणि विदर्भ-मराठवाड्याला न्याय मिळाला का, यावर मतभेद आजही आहेत. मला त्यातली उणीव वेगळी वाटते: इमारत आणि रस्ता मोजला गेला, त्या इमारतीत डॉक्टर बसतो का आणि त्या रस्त्याने मुलगी शाळेत पोहोचते का, हे मोजले गेले नाही. पण लोकांना काय मिळायला हवे ते आधी ठरवून मग पैसे मोजायचे, हा तिचा क्रम बरोबर होता, आणि एक लाख कोटी डॉलरच्या चर्चेत तो उलटला आहे.

विद्यार्थिनीने शेवटी विचारले आहे की प्रबंधासाठी सुरुवात कुठून करावी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. आपल्या जिल्ह्याच्या गेल्या दहा वर्षांच्या प्रती घ्याव्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीची त्याच जिल्ह्याची पत्रके शेजारी ठेवावीत. उत्पन्न वाढलेले पण रक्तक्षय आणि उंची जागच्या जागी असलेले जिल्हे वेगळे काढावेत, आणि त्यांतल्या एकाच तालुक्यातल्या अंगणवाड्यांच्या वजन नोंदवह्या, सेविका आणि पर्यवेक्षिकांची रिकामी पदे, आणि स्थलांतराचे महिने असे तीन रकाने स्वतः हिंडून भरावेत. नोंदवहीतले वजन आणि आपण स्वतः काट्यावर घेतलेले वजन जुळत नसेल, तर प्रबंधाचा विषय तिथेच बदलावा लागला तरी बदलावा.